ठणकणारं बोट

गुलाबाचा काटा रुतून माझं बोट सुजलं आणि घरात गडबड उडाली. बायकोनं हळदीचा लेप लावला, पट्टी बांधली, वर दटावलंही. रविवार होता, कढईत पुऱ्या फुगत होत्या. उरलेलं काळपट तेल ती नेहमीसारखं गाळून ठेवणार, आठवडाभर फोडणीला.

डॉक्टर परवाच म्हणाले होते, "पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, बैठं काम, जागरणं, यांनी रक्तवाहिन्यांनाही आतून सूज येते. हृदयाला तीच नडते."

ती सूज दिसत नाही, ठणकतही नाही. जे दुखत नाही, त्याचे लाड कोण करणार?

"हे तेल टाकून देऊ या का?" मी विचारलं.

"अहो, चांगलं तेल कुणी टाकतं का?"

मला पटलं. पट्टीचं बोट जपत मी आणखी एक पुरी उचलली.