स्थळासाठी धाब्यावर काढलेला फोटो

माझे आई-बाप दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायचे. आमच्याकडे फोटो निघायचा तो कागदपत्रापुरता. त्यासाठी तालुक्याला जायचं, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडायची. मग हसणार कोण? बाप कॅमेऱ्यापुढे असा बसायचा, जसा समोर फौजदार आहे. गल्लीत सगळ्यांचं तसंच. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., फिजिक्स. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो.

गल्लीतल्याच माझ्या मित्राला टेंभुर्णीचं स्थळ आलं होतं. मुलगी नर्स. आधीची दोन स्थळं त्याच्या स्टुडिओतल्या फोटोवरून मोडली होती. त्यात तो नको इतका गोरा होता आणि मागं बर्फाचा डोंगर. या मुलीनं निरोप धाडला, ‘नेहमी असतो तसा फोटो पाठवा.’ तिसरा नकार आला तर हा आता लग्नाचं नावच काढणार नाही, अशी आम्हाला धास्ती. म्हणून आम्ही चौघं दोस्त संध्याकाळी अंकुशनगरच्या रस्त्यावरच्या धाब्यावर गेलो. जेवताना, त्याच्या नकळत फोटो काढायचा असं ठरलं. पण बेत त्याच्याच ओट्यावर बसून ठरला होता. तो इस्त्रीचा शर्ट आणि काळा गॉगल घालून आला.

धाब्यावर बल्ब एकच, तोही गल्ल्यावर. मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि समजावलं, “उजेड कमी हाय. कॅमेऱ्याला वेळ लागतो. कोणी हलू नका, माझ्याकडं बघू नका.”

“सायेब, मंग बघायचं कुठं?” एकानं विचारलं.

“कुठं बी बघा.”

तिघंही पाठ करून बसले. हात गुडघ्यावर, श्वास बंद. धाबेवाले काका भाकरी घेऊन आले आणि हळूच विचारलं, “कोणी गेलं का रे, बाबांनो?”

तिघांना कसंबसं वळवलं. मित्राला म्हटलं, “गॉगल काढ.”

“न्हाई. माझे डोळे बारीक येतात.”

“ती नर्स हाय लेका,” दुसरा म्हणाला, “डोळे तपासूनच घेईल.”

तरी काढला नाही. गॉगलातूनच त्यानं पालकाची भाजी समजून भाकरीच्या तुकड्यानं मिरचीचा ठेचा उचलला, भरपूर, आणि तोंडात घातला. मग उठलाच. गॉगल कुठं, चप्पल कुठं. डोळ्यांतून पाणी, तोंडात गूळ, आणि आम्ही हसतोय बघून त्यालाही हसू आवरेना. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर धाब्याकडं वळला, उजेड थेट त्याच्या तोंडावर. मी बटण दाबलं.

“हा धाडला तर मी कुवारा मरंल,” तो म्हणाला.

मी बाकीचे फोटो दाखवले. सगळ्यांत तो कुणाच्या तरी दहाव्याला बसला होता. त्यानं डोळे मिटले आणि ट्रॅक्टरच्या उजेडातलाच पाठवला.

दुसऱ्या दिवशी मित्राला मुलीच्या भावाचा फोन. त्यानं तो स्पीकरवर टाकला. “ताई विचारून राह्यली, पोरगा हसून राह्यला का रडून?”

 

“दोन्ही,” मित्र म्हणाला. “ठेचा होता.”

पलीकडं कुणीतरी हसलं. भाऊ नव्हता तो.

रविवारी बघण्याचा कार्यक्रम झाला. ती हो म्हणाली. त्यांचं लग्न झालं, आणि ते मी काढलेल्या फोटोवरून जमलं.