धाकटीचे वाळे
आज आईच्या कपाटातून धाकट्या बहिणीचे तान्हेपणीचे चांदीचे वाळे निघाले आणि अंबरनाथ एमआयडीसीमागची, उग्र वासाची आमची अंगणवाडी आठवली. त्या दिवशी मुलांची वजनं होती. धाकटी अगदी काडी, पण चाळीत कुणी "पोर सुकलंय" म्हणू नये म्हणून आईने तिला गळ्यापर्यंत भरवलं, जाड स्वेटर चढवला आणि हे भरीव वाळेही घातले. अंगणवाडीच्या बाईंनी स्वेटर उतरवायला लावला. वाळ्यांना मात्र आई हात लावू देईना. "नजर लागते हो बाई, राहू द्या." बाईंनीही आपल्या लेकराचे कधी काढले नसावेत, त्यांनी तिला वाळ्यांसकट काट्यावर ठेवलं. वजन तक्त्यावरच्या लाल पट्ट्याच्या जेमतेम वर गेलं आणि अशक्त मुलांचा जादा आहार धाकटीला मिळालाच नाही. आई मात्र चाळभर सांगत सुटली, "आमची पास झाली!" कसली पास! धाकटी पुढे कधी अंगाने भरलीच नाही. आज तिने तेच वाळे हौसेने आपल्या लेकीच्या पायात घालायला घेतले, तर आईने झटकन तिचा हात धरला. म्हणाली, "आधी तिचं वजन करून आण."