भाताच्या जागी अर्धा नारळ

काल सकाळी अंगण झाडलं, पाणी भरलं आणि विळीवर नारळ खवायला बसले. मधुमेहामुळे भात-भाकरी सोडल्यापासून हे रोजचंच. साखर खाली आली होती, म्हणून खुशीत होते.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट दाखवला. कोलेस्ट्रॉल वाढलेलं! डॉक्टरांनी विचारलं, "भाताच्या जागी काय खाता?"

"खोबरं. दिवसाला अर्धा नारळ. वर तूप."

डॉक्टरांनी दोन्ही कमी करायला सांगितलं आणि कोलेस्ट्रॉलची गोळी लिहून दिली.

आमच्या निर्मळ गावी परतताना रिक्षात सोबत आलेली धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, आपल्या वाडीतला नारळ कधी बाधतो का? बास झाली नाटकं, भात खा. भाऊजी बघा, कसे पोटभर जेवून गेले."

"गेले ना!" मी म्हटलं. "अठ्ठावन्नाव्या वर्षी, हार्ट अटॅकने."

नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली, त्यांची आठवण आली नाही असा दिवस नाही. पण त्यांच्यामागून जायची मला घाई नाही. भात सोडला ते बरोबरच होतं. खोबऱ्या-तुपाचं चुकलं, ते मी सुधारेन. मैत्रिणींनो, आपल्या ताटात काय असावं हे आपण नाही तर कोण ठरवणार?

आज दुपारी बांगडे नुसते भाजले, काकडीची कोशिंबीर केली आणि जेवणानंतर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली.