जिन्यावरच्या वेण्या

मुलींची ती निवासी शाळा सुरू झाली तेव्हा तिला इमारतही नव्हती. मोठ्या बाईंनी आपल्या राहत्या घरात, वरच्या मजल्यावर चार खाटा टाकल्या, आणि झाली शाळा. घरात आरसा एकच. सकाळी त्याच्यासमोर अशी ढकलाढकली चाले, की प्रार्थना सुरू व्हायची तरी निम्म्या मुलींचे केस मोकळेच. एक दिवस मोठ्या बाईंनी तो आरसा उतरवून माळ्यावर टाकला आणि मुलींना जिन्यावर ओळीने बसवले. वरच्या पायरीवरचीने खालच्या पायरीवरचीची वेणी घालायची. स्वतःची कुणी घालायची नाही.

राहिली सगळ्यात वरची मुलगी. तिच्या मागे कोण बसणार? त्यासाठी खाटा करणाऱ्या सुताराची धाकटी बहीण आली. तीच वेणीमावशी.

पुढे दगडी इमारत झाली, खाटांच्या रांगा लागल्या. मोठ्या बाई गेल्या, त्यांच्यामागे मुख्याध्यापिका आल्या आणि गेल्या. जिना रुंद झाला, पण रीत तीच राहिली. मावशीचे लग्न झाले नाही की तिने केले नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. भाऊ वारल्यावर जिन्याखालची खोली हेच तिचे घर उरले. भाचा अधूनमधून येई, म्हणे, "आत्या, चल आता माझ्याकडे." मावशी त्याला पोटभर जेवू घाली आणि परत पाठवी.

यंदा मात्र तिची बोटे थरथर कापू लागली. सगळ्यात वरच्या पायरीवरच्या मुलीची वेणी दुपारपर्यंत सुटे. नव्या मुख्याध्यापिका एकदा जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ते बघत होत्या. आणि पुढच्याच आठवड्यात टेम्पोतून आरसे उतरले. खोलीखोलीत एक.

आरसे आले, म्हणजे आपण गेलो, असे मावशी धरून चालली. विचारायला जाणे तिच्या स्वभावात नव्हते. कुणी जा म्हणायच्या आत आपणच उठावे, म्हणून तिने रात्रभर जागून पेटी भरली.

सकाळी जिना रिकामा. मावशी पेटीवर बसून राहिली. वरून आधी कुजबुज आली, मग हसणे, मग चक्क रडणे. मुलींनी लहानपणापासून दुसरीच्याच वेण्या घातलेल्या. स्वतःच्या डोक्यामागे हात नेला, की कुठला पेड कुठे जातो तेच कळेना. त्यात आरशात सगळे उलटे. एकीची वेणी कानावर उगवली, एकीचा कंगवा केसांतच अडकला.

मुख्याध्यापिका धावत खाली आल्या. "मावशी, अहो चला ना! वर नुसता गोंधळ झालाय."

"आरशांना सांगा की."

मग बाईंना पेटी दिसली. "हे काय? कुठं निघालात?"

"भाच्याकडे. खोली रिकामी करून हवी असेल ना?"

"कुणी मागितली खोली?" बाई तिथेच जमिनीवर बसल्या. "तुमची बोटं कापतात, म्हणून आणले हो आरसे. तुमचे कष्ट वाचावेत म्हणून."

"मग सांगायला तोंड नव्हतं? शाळेत असताना तुला गप्प बसवता बसवता माझा घसा बसायचा!" मावशी 'अहो'वरून कधी खाली उतरली ते तिलाही कळले नाही. "इथंच वाढलीस ना तू? तुला तरी येते का स्वतःची वेणी?"

बाईंनी मानेपाशी कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "नाही येत. म्हणून तर कापले."

मावशीला हसू फुटले. तरी तिने सरळ विचारून घेतले, "आणि खोली?"

"तुमचीच. बोटं चालोत, न चालोत."

तेव्हा कुठे मावशीचा जीव भांड्यात पडला. मुली पुन्हा जिन्यावर आल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर त्या दिवशी बाई स्वतः बसल्या. मावशी खालीच राहिली आणि शेवटच्या, सगळ्यात लहान मुलीच्याही खालच्या पायरीवर टेकली. पोरीने लगेच तिचा अंबाडा सोडला.

"मावशी, ही तर उंदराची शेपटी!"

"असू दे. घट्ट घाल."

पोरगी जीभ बाहेर काढून पेड घालू लागली. थोड्या वेळाने ओरडली, "मान सरळ धरा ना!"

मान सरळ होईना. तिला वाटले, मावशी रुसली. वाकून पाहिले, तर मावशीला गाढ झोप लागली होती.