उजव्या हाताचं गाऱ्हाणं

सुर्ल्याच्या खाणीवर टिप्पर भरायला लाईन लागे, आणि त्या लाईनीचा देव म्हणजे लोडिंगवरचा माणूस. कुठली गाडी आधी, कुठली मागून, हे तो नुसत्या हाताच्या इशाऱ्याने ठरवी. एकदा त्याने हात केला म्हणून मी गाडी पुढे घेतली. त्याने बोलावलं होतं ते माझ्या मागच्याला. तो केबिनपाशी आला, मला खाली उतरायला लावलं आणि साऱ्या लाईनीच्या देखत उजव्या हाताने कानफटात दिली. "भायल्यांनो, हांगा येवन लायन मोडतात?" लाईन हसली.

आम्ही सिंधुदुर्गातले, पाळी गावात भाड्याने राहणारे, म्हणून भायले, बाहेरचे. बाबा आधी ड्रायव्हर होते, नजर अधू झाल्यावर माझ्याच गाडीवर क्लीनर म्हणून बसत. त्या दिवशीही शेजारच्या सीटवर होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत राहिले. मी वर चढलो तेव्हा एवढंच म्हणाले, "गाडी चालू कर."

गाल संध्याकाळपर्यंत दुखायचा थांबला. ती खाली गेलेली मान मात्र डोळ्यांसमोरून हलेना. तिचा मला त्या चपराकीहून जास्त राग आला होता, पण बापावर डूख धरता येत नाही, म्हणून तोही राग मी लोडिंगवाल्याच्याच डोक्यावर ठेवला. माणूस चांगला धडधाकट होता, डोकं होतंही तेवढं मोठं.

पुढे खाणी बंद पडल्या. माझा टिप्पर चिंचेखाली उभा राहिला, टायरांत गवत उगवलं. तोही घरी बसला. आता त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर कोंबडीसुद्धा हलत नव्हती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सकाळी पोदेराकडे पाव घ्यायला यायचा तोही लाईन मोडूनच. मी पिशवी घेऊन मागे उभा, दात-ओठ खात.

अशात कळलं की डिचोलीला एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये जिउ-जित्सू शिकवतात. शिकवणारा पेडण्याचा तरुण होता. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये काम करता करता एका ब्राझीलच्या माणसाकडून शिकलेला. ठोसा नाही, लाथ नाही. माणसाला खाली घ्यायचं, जखडायचं आणि हात किंवा गळा असा धरायचा की तो आपणहून हार मानतो. आपणहून, हा शब्द मला फार आवडला.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तसोच जाव नको. आधी गाऱ्हाना घाल."

देव आमच्या गावचा नव्हता, पण ज्या गावचं पाणी पितो त्या गावच्या देवाला विचारावं, ही आमच्याकडची रीत. सोमवारी आरतीनंतर मी नारळ घेऊन गेलो आणि गावातर्फे देवाशी बोलणाऱ्या म्हाताऱ्या गावकराच्या कानात माझं काम सांगितलं. कानात सांगितलं म्हणजे तो देवाच्याही कानातच सांगेल, असं मला का वाटलं कोण जाणे. जन्मभर गाऱ्हाणी ऐकलेला मी. गाऱ्हाणं खड्या आवाजातच घालतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे होकार देतात.

"बा देवा महाराजा, ह्या लेकरान तुझ्या पायार नारळ ठेवल्यान हा."

"व्हय महाराजा."

"लोडिंगवरच्या माणसान ज्या हातान ह्याच्या गालार मारल्यान, तो हात ह्याका शरण येवंदे."

"व्हय महाराजा."

हा होकार देणाऱ्यांत खांबापाशी लोडिंगवाला स्वतः होता. सवयीने म्हणून गेला, मग तोंड उघडंच राहिलं. मी खाली बघत होतो, तरी ते मला दिसलं आणि माझं काळीज निवलं. गावकराने मात्र शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं. "आणि तो शरण इलो काय ह्याका तेका सोडूची बुद्धी दी." मी सगळ्यांबरोबर "व्हय महाराजा" म्हटलं.

पहिल्या दिवशी मी शिकवणाऱ्याला सांगितलं, "मला एका माणसाला पाडायचंय."

"पयलीं पडूंक शीक," तो म्हणाला.

महिनाभर मी नुसता पडलो. मग उताणं पडून कंबर झटकत मागे सरकायला शिकलो. "सुंगटां कशी सरतात, तशें," असं तो सांगे. नव्वद किलोची कोळंबी हॉलभर फिरायची. कान चोळवटून लाल, मान आखडलेली, बोटांना चिकटपट्ट्या. पाव मोडतानाही बोटं दुखत, आणि दुखली की मला बरं वाटे.

जखडणं शिकवायच्या आधी शिकवला तो टॅप. सोसवेनासं झालं की समोरच्याच्या अंगावर हाताने थोपटायचं. थोपटलं की त्याने त्याच क्षणी सोडायचं. हा एकच नियम, बाकी सगळं चुकलं तरी चालतं.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि लोडिंगवाला आत आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "गाऱ्हाणें आयकलें तुजें. तूं एकटोच शिकतलो?"

आमची वजनं सारखी, म्हणून आमची जोडी लागली. या विद्येत शिकायचं तर कुणाचं तरी अंग हातात लागतं. रोज सकाळी मी त्याला माझा गळा द्यायचा, त्याने मला त्याचा. तो माझ्या छातीवर बसे तेव्हा त्याचा घाम माझ्या डोळ्यांत जाई. आम्ही एक शब्द बोलत नसू. त्याने मला किती तरी वेळा थोपटायला लावलं, आणि दर वेळी लगेच सोडलं. तेही मला झोंबे. मला त्याच्याकडून काही चांगलं नको होतं.

पावसाळा सरता सरता एकदा तो माझ्याखाली सापडला. वरचं वजन सोसेना की नवशिका पालथा होतो आणि पाठ देतो, तीच चूक त्याने केली. मी पाय त्याच्या मांड्यांत अडकवले, हात हनुवटीखालून सारला, पंजा माझ्याच दुसऱ्या दंडावर ठेवला आणि आवळलं. त्याचा डावा हात अंगाखाली अडकला होता. उजवा मोकळा होता. तो वर आला आणि माझ्या हातावर थोपटू लागला.

पहिलं थोपटणं मी गालासाठी घेतलं. दुसरं, लाईनीत हसलेल्यांसाठी. तिसरं बाबांच्या मानेसाठी. चौथ्याची वाट बघत मी आवळतच राहिलो, आणि तो हात घसरून चटईवर पडला.

शिकवणाऱ्याने मला केसांना धरून मागे ओढलं. लोडिंगवाल्याचे डोळे पांढरे झाले होते, घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. चार श्वासांनी तो शुद्धीवर आला आणि छताकडे बघत म्हणाला, "खंयचो टिपर आयलो?" कुणी हसलं नाही.

"कमरेचो पट्टो सोड," शिकवणारा मला म्हणाला. "फाल्यांच्यान येवं नाका." उद्यापासून माझी शिकवणी बंद.

खोटं कशाला सांगू, मी खूश होतो. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. वाटेत पोदेराकडून बाबांसाठी गरम उंडे घेतले.

बाबा ओट्यावर बसले होते. "शरण इलो?"

"इलो."

"आणि सोडलंस?"

"सोडलंय," मी म्हटलं. तोंडातून सहज निघून गेलं.

सोमवारी बाबांनी स्वतः नारळ सोलला, धुतलेला सदरा घातला आणि मला घेऊन देवळात आले. नवस फेडतानाही गाऱ्हाणं मोठ्यानेच घालतात.

"महाराजा, मागलेला पावलस. मारलेलो हात शरण इलो."

"व्हय महाराजा."

"आणि ह्या लेकरान तेका सोडल्यान."

"व्हय महाराजा." बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मान ताठ होती. लाईनीतल्या त्या दिवसानंतर मी ती तशी पाहिली नव्हती.

खांबापाशी लोडिंगवाला गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून उभा होता. या वेळी त्याने होकार दिला नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता, बाबांकडे बघत होता. मी माझ्या पायांकडे बघत राहिलो. त्याने तोंडातून एक शब्द काढला असता तर तिथल्या तिथे त्याचं उट्टं निघालं असतं. त्याने तो काढला नाही, आणि त्या चपराकीहून याचाच राग मला अजून आहे.