दुसऱ्यांचं बोलणं सांगणारी क्रांती

गौरी-गणपती होऊन गेल्यावर क्रांती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली. मी उंब्रजला राहते. माझे यजमान इथे डॉक्टर होते. ते गेल्यावर दवाखाना बंद झाला, पण पुढच्या खोलीतलं पेशंटचं लाकडी बाक मी हलवलं नाही. त्या बाकावर बसून तिने पहिल्या दिवशी ती का आली ते सांगितलं, आणि सांगताना खोलीत तीन बायका आल्या.

क्रांती अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरं घरोघरून गोळा करायची, खिचडी शिजवायची, वजनाच्या दिवशी आयांना बोलावून आणायचं, हे तिचं काम. तिच्या अंगणवाडीच्या सेविका पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. बारावी पास असेल तर ती जागा क्रांतीला मिळण्यासारखी होती. लोणंदला माहेरी असताना ती बारावीत फक्त इंग्रजीत नापास झाली, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन उंब्रजला आली. त्याला आता सोळा-सतरा वर्षं झाली.

एवढीशी हकीकत, पण ती सांगताना सेविकाबाई आल्या त्या दम लागल्यासारख्या बोलत, तालुक्याच्या ऑफिसातल्या बाई आल्या त्या नाकातून, आणि क्रांतीची सासू साळूबाई आली ती मध्येमध्ये खोकत. "आत्या म्हनल्या, म्हातारपनी दप्तर घेऊन कुटं निघालीस? मला तरी ने, मी पन बसते पैलीत." इकडे सासूला आत्या म्हणतात. मला हसू आलं. क्रांती हसली नाही. ती नक्कल करत नव्हती. कुणाचं बोलणं सांगायचं तर ते तसंच सांगायचं असतं, असा तिचा साधा समज होता. सबंध आळीत निरोप पोचवायला, बारशाचं आवतन द्यायला तिलाच पाठवत, कारण ती एक शब्द इकडचा तिकडे करत नसे.

इंग्रजीच्या पेपरात दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात बसवून सांगायचा एक प्रश्न असतो. मला वाटलं, हा तर हिच्या हातचा मळ. मी फळ्यावर लिहिलं, अपेक्षा सेड, "आय ॲम टायर्ड." मग त्याखाली, अपेक्षा सेड दॅट शी वॉज टायर्ड.

"कोन ही अपेक्षा?"

"कुणीही. पुस्तकातली मुलगी."

"आनि आता न्हाई व्हय दमलेली?"

"असेल. पण सांगणारा नंतर सांगतोय, म्हणून ॲमचं वॉज झालं."

क्रांतीने फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाई, पैल्या वाक्यात ती पोरगी बोलती. दुसऱ्यात कुनीच बोलत न्हाई."

हे मला शाळेत कधी सुचलं नव्हतं. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही काळ बदलायचो, सर्वनामं बदलायचो, आणि सिस्टर वहीवर बरोबरची खूण करायच्या. मी म्हटलं, "परीक्षेपुरतं कुणी बोललं नाही तरी चालेल."

ती हुशार होती. आय केव्हा ही होतो आणि केव्हा शी, टुडेचं दॅट डे कसं होतं, हे तिला दोन आठवड्यांत आलं. म्हणून एक दिवस मी घरचंच वाक्य दिलं. सयाजी सेड, "आय ॲम वेल." सयाजी म्हणजे तिचा नवरा. तो फौजेत आहे आणि त्या वर्षी वर बर्फात होता. क्रांतीने उतरवलं, सयाजी सेड दॅट ही इज वेल. मी लाल पेनने इजवर रेघ मारून वॉज लिहायला गेले तर तिने वहीवर हात ठेवला.

"ह्यांना वॉज नको, बाई."

"अगं, मागं जातं ते बोलणं. माणूस नव्हे."

"मग बोलन्यालाच मागं ढकला की. मानसाला कशाला?" मग ती म्हणाली, "दुकानदार नानासोला घाला. नानासोला वॉज चालंल."

मी नानासोला घातलं. त्यानंतर आमच्या सगळ्या वाक्यांत नानासोच दमला, नानासोच आजारी पडला आणि नानासोच बाजारला गेला. त्या रात्री डायरीत मी लिहिलं, "क्रां. चे काळ पक्के. सयाजीस वाक्यांतून वगळले."

आता साळूबाईबद्दल सांगायला हवं. तिला फार कमी ऐकू येतं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ती पुष्कळ ओळखते, पण फोनला तोंड नसतं. सयाजी होता तिथे फोन जेमतेम लागायचा, व्हिडिओ कॉल तर लागायचाच नाही. कऱ्हाडहून कानाचं मशीन आणलं होतं, पण ते घातलं की शेजारच्या घरातली भांडी डोक्यात पडतात म्हणून तिने ते शेंगांच्या डब्यात ठेवून दिलं होतं. तेव्हा सयाजीचा फोन आला की तो ऐकायचा क्रांतीने, आणि सासूसमोर बसून बोलायचं सयाजीसारखं. त्याचं ते घोगरं हसणं, "आये" म्हणायची ओढ, मधूनच येणारं "टेन्शन नको घेऊ", सगळं. साळूबाई सुनेच्या तोंडाकडे बघायची आणि लेकाशी बोलायची. गेली कित्येक वर्षं त्या घरात असंच चालू होतं.

सयाजीला रेंज मिळायची ती दिवेलागणीला. आणि क्रांतीची शिकवणीही दिवेलागणीला, कारण त्याआधी अंगणवाडी, गुरं, भाकरी. फोन माझ्याकडे असताना यायचा. क्रांती घरी जाऊन सांगायची, पण सासूचं समाधान होईना. तिने विचारलेलं त्याला कळायचं नाही, त्याचं उत्तर तिला मिळायचं नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी साळूबाईच सुनेमागून माझ्या दारात उभी राहिली.

"आवं डॉक्टरीनबाई, शिळी भाकर खाईन मी. शिळा फोन न्हाई खपायचा." आणि ती बाकावर पेशंट बसायचे तशी टेकून बसली.

तिथून पुढे शिकवणीला दोघी यायच्या. साळूबाई शेंगा सोलत आमच्या तोंडाकडे बघायची. फळ्यावर काही चुकलं तर तिला माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. "चुकली जनू. माझ्या टायमाला असती तर छडी बसली असती." क्रांती म्हणायची, "तुमच्या टायमाला शाळा कुटं हुती, आत्या." फोन वाजला की पुस्तक मिटायचं. मग माझ्या दवाखान्यात सयाजी यायचा, ऊस किती वाढला विचारायचा, आईला गुडघ्यांना तेल लावायला सांगायचा. मी डोळे मिटले तर खोलीत पुरुषमाणूस आहे असंच वाटायचं.

जानेवारीत परीक्षेचं हॉलतिकीट आलं आणि त्याच आठवड्यात साळूबाईला कुणीतरी सांगितलं की नव्या सेविकेला महिनाभर साताऱ्याला ट्रेनिंगला राहावं लागतं. त्या दिवशी ती आली तेव्हा ओटीत शेंगा नव्हत्या. बाकावर ताठ बसली.  मी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "फोन येऊ दे."

फोन आला. रोजच्यासारखी क्रांती सासूच्या समोर वळून बसली. खोलीत शांत होतं, मी टेबलाशी होते. फोनमधला सयाजीचा आवाज मला बारीक पण स्वच्छ ऐकू येत होता.

साळूबाई म्हणाली, "सांग त्येला. आई म्हनती, तुझी बायकू परीक्षेला बसनार न्हाई. पास झाली तर म्हैनाभर घर सोडंल. मी जाऊ देनार न्हाई."

 मी क्रांतीकडे पाहत होते. त्या क्षणी तिला काहीही म्हणता आलं असतं. आई बरी आहे, गुडघे दुखतात, पाडव्याला ये. साळूबाईला तोंडावरून थोडं कळलं असतं, पण क्रांतीने नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. सयाजीला तर काहीच कळलं नसतं.

तिने मान वळवली नाही. "आई म्हनती, तुझी बायकू परीक्षेला बसनार न्हाई," ती साळूबाईच्या आवाजात म्हणाली, आणि पुढचंही सगळं, शब्दाला शब्द. मधला खोकलासुद्धा सोडला नाही.

 पलीकडून सयाजी म्हणाला, "आईचं बरूबर हाय. एकटी कशी ऱ्हाईल ती? ह्या वर्षी ऱ्हाऊ दे म्हनावं. फुडच्या वर्षी बघू."

हे मी ऐकलं. क्रांतीने ऐकलं. साळूबाई तिच्या ओठांकडे बघत वाट पाहत होती.

"आये, तुझं बरूबर हाय," क्रांती नवऱ्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "एकटी कशी ऱ्हाशील तू. ह्या वर्षी ऱ्हाऊ दे. फुडच्या वर्षी बघू."

साळूबाईने मान हलवली. तिचं काम झालं होतं. ती पदर सावरून उठायला लागली, तेव्हा क्रांतीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा, आत्या. अजून एक हाय." मग फोन तोंडाजवळ धरून, पण सासूकडेच बघत, ती म्हणाली, "आता हे मी म्हनतीया. मी परीक्षेला बसनार."

हा आवाज मी ओळखला नाही. बारीक होता, जरा कापरा. चार महिने ती माझ्यासमोर बसत होती आणि मी तिचा स्वतःचा आवाज फार थोडा ऐकला होता.

"आईला सांगितलंस का हे?" सयाजीने विचारलं.

"म्होरंच बसल्यात. बघून ऐकलं त्यांनी."

"मग काय म्हनती?"

क्रांतीने प्रश्न सासूकडे दिला. "काय म्हनती आये, असं इचारत्यात."

 साळूबाई फोनशी नाही, सुनेशी बोलली. "म्हैनाभर माझा लेक माझ्याशी बोलनार कसा? ते सांग आधी."

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन, तिला दिसेल असं म्हटलं, "रोज संध्याकाळी इथे या. फोन मी ऐकेन आणि तुम्हाला सांगेन."

साळूबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नगं, डॉक्टरीनबाई. तुमच्या तोंडात माझा लेक कान्व्हेंटातला वाटंल."

क्रांतीला हसू फुटलं. तिकडून सयाजी काय झालं काय झालं म्हणत होता. साळूबाईला त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण सून हसताना दिसली, आणि तिचा ताठा जरा सैल झाला. ती पुन्हा बाकाला टेकली.

"सांग त्येला," ती म्हणाली. "आई म्हनती, ते मशीन काढते डब्यातनं. आवाज आला तर आला. न्हाई आला तर तुझ्या बायकूला साताऱ्यासनं वढून आनंन."

क्रांतीने तेही साळूबाईच्या आवाजात सांगायला घेतलं. "मशीन काढते" पर्यंत ते जमलं. पुढचं तिच्याच आवाजात झालं, आणि तेही नीट नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाकावर साळूबाई मशीन घालून बसू लागली. पंख्याचा आवाज आला तरी दचकायची. "ह्यो खडू एवढा कोकलतोय व्हय?" क्रांती फळ्याशी आणि साळूबाई कानाशी झगडत होती. फोन आला की आधी मशीनवर ऐकायचं, मग क्रांतीकडून. पहिल्या आठवड्यात तिला "आये" एवढंच कळलं. ते कळल्यावर तिने फोन पदराने पुसून परत दिला.

फेब्रुवारीत क्रांतीने पेपर दिला. कसा गेला म्हणून विचारलं तर म्हणाली, "नानासो न्हाई आला पेपरात. दुसराच कुनी हुता." याहून जास्त तिने सांगितलं नाही, आणि निकालापर्यंत मीही विचारलं नाही.

निकाल मे महिन्यात लागला. दुपारी अंगणवाडीतच तिने तो मोबाइलवर पाहिला आणि संध्याकाळी दोघी पेढे घेऊन आल्या. मार्क फार नव्हते, पण पास होण्यापुरते होते आणि वर थोडे उरले होते. शिकवणी नव्हती, तरी दोघी आपापल्या जागीच बसल्या. फोन वाजला तसा साळूबाईने तो क्रांतीच्या हातातून घेतला.

"मी बोलतीया," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रस्त्यावरचा माणूस थांबला. "तुझं मला निम्मंच ऐकू येतं, तवा तू गप ऱ्हा. तुझी बायकू पास झाली. सेविका हुनार. म्हैनाभर साताऱ्याला जाईल. मी ऱ्हाते. आता तिच्याशी बोल."

क्रांतीने फोन कानाला लावला. या वेळी ती सासूसमोर वळली नाही. खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिली. एकदा "हं" म्हणाली, एकदा "व्हय." बराच वेळ ऐकलं. मग हसली, आणि फोन ठेवला.

साळूबाई पुढे वाकून बसली होती. "काय म्हनला?"

"ते मला म्हनले, आत्या."

"आगं पर काय म्हनला?"

क्रांतीने पेढ्याचा पुडा उघडून तिच्यापुढे धरला. साळूबाईने एक पेढा उचलला आणि माझ्याकडे वळली.

"बघा, डॉक्टरीनबाई. पास झाली आनि बोलायची बंद झाली."