मॅडमशी इंग्रजीत वाद

आमच्या इंग्रजीच्या मॅडम नसत्या, तर मी कॉलेजच्या मुलाखतीला गेलेच नसते. मी नांदेडकडची. नववीत शाळा सुटली, दहावी-बारावी बाहेरून केली, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कामाला लागले. काम सुटल्यावर मी इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गाला जायचे. तिथे मॅडम मुद्दाम चुकीचं मत मांडायच्या आणि म्हणायच्या, "खोडून काढा. कॉलेजात नुसती मान डोलावून भागत नाही." मोठ्यांना उलट बोलायचं या विचारानंच मी खाली वहीत बघत बसायचे. एकदा त्या म्हणाल्या, "शाळा सोडणाऱ्यांना शिकायचंच नसतं." मी उठले आणि एकेक कारण देत इंग्रजीत बोलतच राहिले.

शेजारची म्हणाली, "अहो ताई, मॅडमना श्वास तरी घेऊ द्या!"

मॅडम हसल्या. "हरले मी."

मुलाखतीतही मी तशीच बोलले आणि प्रवेश मिळाला. मॅडम, शिकून झालं की तुमचा संध्याकाळचा वर्ग एक दिवस मी घेईन, हा माझा शब्द.